'घाट' या इंग्रजी शब्दाचा इतिहास: पनवेलच्या वाटेवरून

१

इंग्रजी शब्दकोशांत 'घाट' हा शब्द आता परका पाहुणा म्हणून वेगळा बसवला जात नाही. त्याला तीन अर्थ दिलेले आढळतात. नदीकाठच्या उताराच्या पायऱ्या किंवा नावेची उतरण्याची जागा, हा पहिला. डोंगरातून खाली उतरणारी वाट, खिंड, हा दुसरा. तिसरा अर्थ अनेकवचनी विशेषनामाचा: भारतीय द्वीपकल्पाच्या पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांना समांतर जाणाऱ्या पर्वतरांगा. हिंदी 'घाट' आणि संस्कृत 'घट्ट' अशी व्युत्पत्ती देऊन कोशकार बहुधा मोकळे होतात. कोशाच्या पानावर हे तीन अर्थ एकाखाली एक इतक्या सलोख्याने नांदतात, की दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाच्या मध्ये एक संपूर्ण उलथापालथ दडलेली आहे हे वाचकाच्या ध्यानात येऊ नये. दुसऱ्या अर्थाने घाट म्हणजे डोंगर जेथे माणसाला वाट देतो ती जागा. तिसऱ्या अर्थाने घाट म्हणजे तो डोंगरच, म्हणजे वाट अडवणारी भिंत. एकच शब्द मोकळीक आणि अडसर अशा दोन टोकांना जाऊन कसा पोचला, आणि पोचल्यावर ज्या भाषेतून तो गेला त्या भाषेत परत येऊन त्याने काय केले, हा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही. भाषांच्या सत्तासंबंधांचा विचार करणाऱ्या समीक्षेलाही तो विचारात घ्यावा लागतो.

या इतिहासाचा मागोवा घेण्यास पनवेलइतकी सोयीची जागा दुसरी क्वचित सापडेल. मुंबई बेटातून पुण्याकडे निघालेला प्रवासी खाडी ओलांडून पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून बोरघाटाची वाट धरी. पनवेलच्या बाहेर पळस्प्याला रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता खोपोलीवरून घाट चढून देशावर जातो, दुसरा पेणमार्गे कोकणात उतरतो. मुंबईकर इंग्रजाला डोंगरापलीकडचा मुलूख गाठायचा असेल, तर 'घाट' हा शब्द ज्या ठिकाणी त्याच्या पायांना कळू लागे, ती जागा ही होय.

२

मराठीत 'घाट' हा शब्द स्वतंत्र वस्तूचे नाव म्हणून जितका वापरला जातो, त्याहून अधिक तो क्रियेच्या आणि दिशेच्या आधाराने वावरतो. घाट चढणे, घाट उतरणे, घाट लागणे, घाट रोखणे, घाटाखाली, घाटावर, घाटमाथा, वरघाट, तळघाट ही सारी पदे माणसाच्या हालचालीशी बांधलेली आहेत. मळशेज, नाणे, कुसूर, बोर, थळ, वरंध ही घाटांची नावे आहेत. ती ज्या पर्वतात आहेत त्या पर्वताचे नाव वेगळे आहे. ते नाव जुने आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात, सातवाहन राजाच्या सत्तेखालील पर्वतांची जी यादी येते तीत सह्य आहे. पुराणांतील सात कुलपर्वतांतही तो आहे. नाणेघाटातील नागनिकेचा लेख याहूनही प्राचीन आहे, आणि कल्याणहून जुन्नरकडे जाणारी व्यापारी वाट तेथूनच जात असे. पर्वताला नाव होते आणि त्यातील वाटांनाही स्वतंत्र नावे होती. या दोहोंची गल्लत मराठी माणसाच्या बोलण्यात होत नव्हती.

मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीबाबत मात्र अभ्यासकांत एकमत नाही. संस्कृत 'घट्ट' हा उत्तरकालीन शब्द आहे. कन्नडमधील 'घट्ट' आणि तेलुगूतील बांध, काठ, उंचवटा या अर्थाचा 'गट्टु' यांच्याशी असलेले त्याचे साम्य पाहता, तो द्राविडी भाषांतून संस्कृतात आला असावा असा तर्क केला जातो. यात ज्याकडे लक्ष द्यावे असा भाग 'बांध' या अर्थाचा आहे. पाण्याकाठी असो वा डोंगरात, घाट ही निसर्गाने सिद्ध करून दिलेली गोष्ट क्वचितच असते. ती बांधावी लागते, फोडावी लागते, किंवा निदान पावलांनी आणि बैलांच्या खुरांनी मळवावी लागते. मेणवलीचा कृष्णेकाठचा घाट आणि बोरघाट या एका अर्थी एकाच जातीच्या रचना आहेत: उभ्या उताराला माणसाच्या पायाशी जुळवून घ्यायला लावण्याच्या. घाटपांडे या आडनावातही घाटाशी निगडित अशा वृत्तीची आठवण राहिलेली दिसते.

मराठीतील 'घाट' या ध्वनिरूपाला आणखी दोन अर्थ आहेत, आणि इंग्रजीने ते उचलले नाहीत. भांड्याचा, दागिन्याचा, बांध्याचा घाट म्हणजे आकार. आणि एखाद्या गोष्टीचा घाट घालणे म्हणजे तिची योजना मांडणे. हे अर्थ 'घडणे' या क्रियापदाच्या कुळातले मानून निराळा शब्द धरण्यास जागा आहे. तथापि बोलणाऱ्याच्या मनात शब्द व्युत्पत्तीप्रमाणे कप्पे करून राहत नाहीत. मराठी समीक्षेने 'फॉर्म' या दुसऱ्या एका छोट्या इंग्रजी शब्दासाठी 'आकृतिबंध' आणि 'रूपबंध' यांच्या बरोबरीने 'घाट' हा शब्द स्वीकारला, तो याच अर्थाच्या बळावर. कादंबरीचा घाट असे म्हणताना मराठी समीक्षक घडवलेपणाकडे निर्देश करीत असतो. डोंगरातील घाटही घडवलेलाच असतो. या दोन शब्दांचे मूळ एक असो वा नसो, मराठी भाषेच्या अर्थव्यूहात ते एकमेकांना स्पर्श करतात. इंग्रजीत गेलेला शब्द या स्पर्शापासून तुटला.

३

अर्थांतराची सुरुवात इंग्रजांच्या आधी झाली. सोळाव्या शतकाच्या मध्याला, १५५२ मध्ये, पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने या पर्वताला स्थानिक लोक 'गाते' म्हणतात आणि त्याचा अर्थ पर्वतरांग असा आहे, असे नोंदवले. रोमन लिपीतील हे पोर्तुगीज रूप इंग्रज वाचकाला आपल्या 'गेट'सारखेच दिसावे, हा एक योगायोग. इंग्रजी 'गेट'चा या शब्दाशी व्युत्पत्तीचा संबंध नाही. पण दरवाजा आणि खिंड या कल्पना जवळच्या असल्याने ही जुळणी अनेकांना अर्थपूर्ण वाटली असल्यास नवल नाही.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने या घोळाचे जे स्पष्टीकरण दिले ते आजही प्रमाण मानले जाते. त्यांच्या मते, घाटावरचा मुलूख आणि घाटाखालचा मुलूख असे शब्दप्रयोग परकीयांच्या कानी पडत. त्यावरून 'घाट' हे पर्वतरांगेचेच विशेषनाम असावे, किंवा त्या शब्दाचा अर्थच रांग असावा, अशी त्यांची समजूत झाली. खिंडीचे नाव पर्वताला चिकटण्याची उदाहरणे अन्यत्रही आहेत, असे ते सांगतात. आल्प्स पर्वताची गोष्ट याच धर्तीची आहे. तेथील पहाडी लोकांच्या बोलीत 'आल्प' म्हणजे उंचावरचे उन्हाळी कुरण; बाहेरच्यांच्या लेखी तो शब्द शिखरांचा झाला. वर राहणारा माणूस आपल्या वापरातील जागेला नाव देतो. खालून पाहणारा ते नाव आपल्याला दिसणाऱ्या आकाराला लावतो.

हे स्पष्टीकरण बरोबर आहे, परंतु ते अर्धे आहे. परकीयांना जी चूक म्हणून चिकटवली जाते तिचे बीज मराठी वापरातच होते. 'घाटावर' म्हणताना बोलणाऱ्याला एखादा विशिष्ट घाट अभिप्रेत नसतो. पलीकडचा सारा देश अभिप्रेत असतो. 'घाटमाथा' हा कोणत्याही एका घाटाचा माथा नसून पर्वताच्या कण्याजवळचा सलग पट्टा आहे. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात कोकणाचे 'कोकण-घाटमाथा' आणि 'तळकोकण' असे दोन भाग सांगितले, ते येथल्याच शब्दांच्या आधाराने. म्हणजे वाटेचे नाव लक्षणेने प्रदेशाला लावण्याची क्रिया मराठीत होऊन चुकली होती. फारसी प्रशासनाच्या भाषेतील 'बालाघाट' आणि 'पायिनघाट' याच मुशीतले. तथापि या सर्व प्रयोगांत 'घाट' हा संदर्भबिंदू राहतो आणि प्रदेश त्याच्या वर वा खाली असतो. वर आणि खाली हे शब्द गाळून, 'घाट' या पदाला अनेकवचनाचा प्रत्यय, आरंभी मोठे अक्षर आणि पश्चिम-पूर्व ही विशेषणे लावली जातात, तेव्हा खरी फारकत होते. ती कानाच्या चुकीने झाली नाही. ती नकाशाने केली.

४

नकाशाची ही दृष्टी तयार होण्यापूर्वी इंग्रजांना घाटाची ओळख वेगळ्या प्रकारे झाली होती. नोव्हेंबर १७७८ मध्ये रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलला उतरली. तोफा, बैल आणि बाजारबुणगे यांसह बोरघाट चढण्यात तिचे आठवडे गेले, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिला मराठ्यांशी मानहानीचा तह करावा लागला. दोन वर्षांनी, १७८१ मध्ये, जनरल गॉडर्डने बोरघाट पुन्हा हस्तगत केला. परंतु पुढे जाणे अशक्य झाल्यावर एप्रिलमध्ये मराठ्यांचे हल्ले सोशीत, मोठी हानी पत्करून त्याला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. या सैनिकांच्या दृष्टीने 'घाट' हा शब्द वाटेचाच होता: कोणाच्या ताब्यात आहे, तोफ चढेल की नाही, रसद पोचेल की नाही, एवढ्यापुरता. शब्दाचा उचित अर्थ दाखवण्यासाठी यूल आणि बर्नेल यांना पुढच्या पिढीतील सेनानी आर्थर वेलस्लीच्या लेखनाचा दाखला घ्यावासा वाटला, यात म्हणूनच विसंगती नाही. ज्याला डोंगर चढावा लागतो त्याची भाषा वाटेचा अर्थ विसरत नाही.

१८१८ नंतर परिस्थिती पालटली. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला आणि पनवेल ते पुणे हा टपालमार्ग बनला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने कल्याण आणि कर्जतवरून लोहमार्ग नेला. १८५६ मध्ये सुरू झालेले बोरघाटाच्या चढाचे काम १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे पंधरा मैलांच्या अंतरात गाडी अठराशे फुटांहून अधिक चढू लागली, आणि त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले. आगगाडीची वाट पनवेलला टाळून गेल्याने बंदर म्हणून त्याचे महत्त्व ओसरू लागले. शब्दाच्या दृष्टीनेही या घटनेला अर्थ आहे. बोगद्यातून जाणारा प्रवासी घाट चढत नाही. त्याला तो चढवला जातो. खिडकीतून त्याला कडे, धबधबे आणि दऱ्या दिसतात. वाट अदृश्य होते आणि डोंगर देखावा होतो. 'घाट' म्हणजे देखण्या पर्वतांची रांग, हा अर्थ रूढ होण्यास ही नवी गती अनुकूल ठरली असल्यास ते स्वाभाविक म्हटले पाहिजे.

याच काळात लेखनाचेही नियमन झाले. अठराव्या शतकापासून चालत आलेली 'घ-औ-ट' अशी उच्चाराला बिचकणारी वर्तनी मागे पडून, सरकारी गॅझेटिअरांच्या लिप्यंतर-पद्धतीप्रमाणे आजचे रूप स्थिरावले. १८८२ चे ठाण्याचे गॅझेटिअर (पनवेल त्यात समाविष्ट आहे) या बाबतीत मोठे बोलके आहे. त्यात पर्वतासाठी सह्याद्री हे नाव आहे आणि वाटांची माहिती स्वतंत्रपणे दिली आहे. स्थानिक अधिकाऱ्याला तपशील हवा होता, म्हणून त्याच्या लेखी भेद टिकला. साम्राज्याच्या किंवा उपखंडाच्या नकाशाला तो भेद नको होता, म्हणून तेथे 'वेस्टर्न घाट्स' पुरेसे झाले. एकाच सत्तेच्या दोन प्रकारच्या कागदांत एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदत होते. वसाहतवादी ज्ञानव्यवहार एकसंध होता असे गृहीत धरून मांडणी करणाऱ्यांनी या बारकाव्याचा विचार करावयास हवा.

५

आता शब्दाच्या परतीच्या प्रवासाकडे वळता येईल. 'पश्चिम घाट' हे मराठी पद 'वेस्टर्न घाट्स'चे भाषांतर आहे. त्यातील दोन्ही शब्द मराठीच असल्याने हे भाषांतर भाषांतर म्हणून ओळखू येत नाही. येथे दोन गोष्टी घडतात.

पहिली व्याकरणाची आहे. इंग्रजीतील 'घाट्स' हे अनेकवचन निदान एवढे सांगते की ही अनेक गोष्टींची रास आहे. पुष्कळ खिंडींची पुसट स्मृती त्या प्रत्ययात उरली आहे. मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन मूळ रूपासारखेच राहते. त्यामुळे परत आलेला 'घाट' चिन्हाच्या पातळीवर अनेकवचनी दिसत नाही, आणि 'पश्चिम घाट संवेदनशील आहे' अशी एकवचनी वाक्ये सर्रास लिहिली जातात. इंग्रजीने वाटांचा पर्वत केला; मराठी भाषांतराने त्या पर्वतातील उरलेसुरले अनेकत्वही पुसले. ज्या भाषेचा हा शब्द त्या भाषेत तो इंग्रजीपेक्षाही दरिद्री होऊन परतला आहे.

दुसरी गोष्ट दिशेची आहे. पनवेलमध्ये उभे राहिल्यास हा डोंगर पूर्वेला आहे. सूर्य त्याच्या मागून वर येतो. साऱ्या कोकणाची हीच स्थिती. 'पश्चिम' हे विशेषण संपूर्ण द्वीपकल्प एका नजरेत पाहणाऱ्याचे, म्हणजे नकाशावर वाकलेल्या माणसाचे आहे. 'घाटावर' आणि 'घाटाखाली' यांत बोलणाऱ्याचे स्थान अंतर्भूत असते. 'पश्चिम घाट' या पदात बोलणाऱ्याला स्थान नाही.

या पदाने गेल्या अर्धशतकात जे वजन मिळवले ते प्रामुख्याने शासकीय आणि पर्यावरणविषयक व्यवहारांतून. पाचव्या पंचवार्षिक योजनेतील विकास कार्यक्रम, १९८७-८८ ची पश्चिम घाट बचाव पदयात्रा, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाचा २०११ चा अहवाल आणि त्यानंतरचा कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा अहवाल, हे त्यातील ठळक टप्पे. गाडगीळ गटाने या प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर धरले, कस्तुरीरंगन गटाने सुमारे १,६४,०००. एकच नाव दोन गटांच्या हाती इतक्या भिन्न विस्ताराचे होते, यावरूनही हे कळावे की 'पश्चिम घाट' ही सापडलेली वस्तू नसून आखलेली संकल्पना आहे. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने ३९ स्थळांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे ज्या उपसमूहात आहेत, त्याचे नाव 'सह्याद्री' असे आहे. सातवाहनकालीन लेखात उल्लेखलेला पर्वत आता वाटांवरून नाव पडलेल्या एका रांगेचा पोटविभाग झाला. अंश अंशीचे नाव घेऊन बसला, आणि अंशी त्याचा अंश झाला.

याचा अर्थ 'पश्चिम घाट' हे पद त्याज्य आहे असा नाही. सहा राज्यांतून जाणाऱ्या रांगेसाठी कोणा एका भाषेचे नाव इतरांना रुचेल असे नाही, आणि जैवविविधतेचे संरक्षण राज्याच्या सीमेशी थांबत नाही. परंतु ज्या पदाच्या नादाने वाटा दिसेनाशा होतात, त्या पदाने वाटांवर जगणारी माणसेही नजरेआड होण्याचा धोका असतो. संवेदनशील क्षेत्रांवरून कोकणात आणि घाटमाथ्यावर जो वाद पेटला, त्याची कारणे अर्थातच आर्थिक आणि राजकीय होती. तरीही, ज्या शब्दाचा मूळ अर्थ माणसाने डोंगराशी केलेली तडजोड असा होता, तो शब्द माणूस वगळलेल्या निसर्गाचे नाव म्हणून परतला, ही गोष्ट त्या वादाच्या भाषेत कोठेच उच्चारली गेली नाही.

६

या शब्दाची आणखी एक शाखा मुंबईत फुटली. घाटावरून, विशेषतः सातारा आणि पुणे या जिल्ह्यांतून, गोदी, गिरण्या आणि बाजारपेठांत कष्टाला आलेल्या माणसांना 'घाटी' म्हटले जाऊ लागले. कोकणातून आलेल्यांच्या तोंडी आरंभी हा शब्द केवळ दिशा सांगणारा असावा. गोव्यातही घाटापलीकडून आलेल्याला अशाच नावाने ओळखतात. ओझी वाहणाऱ्यांचा हा वर्ग असल्याने शब्दाला हीनत्वाचा वास लागला. पुढे मुंबईच्या इंग्रजाळलेल्या बोलीने तो उचलला आणि मराठी बोलणाऱ्या कोणालाही लावला. परिणामी, ज्या कोकणी माणसाने तो शब्द दुसऱ्यासाठी वापरला होता, तो स्वतःही त्याच शब्दाने ओळखला जाऊ लागला. येथेही तीच प्रक्रिया दिसते. 'घाटी' मधली वाट, म्हणजे कोण कोठून कशासाठी उतरला ही हकीकत, गळून पडली आणि उरला तो एक ढिगारावजा समूह. डोंगराच्या बाबतीत नकाशाने जे केले, ते माणसांच्या बाबतीत शहराने केले.

देशी शब्द परभाषेत जाऊन परतला की तो देशीच राहतो काय, या प्रश्नाचे उत्तर 'घाट' या शब्दाच्या आधारे सरसकट होकारार्थी वा नकारार्थी देता येणार नाही. ध्वनिरूप तेच आहे, व्युत्पत्तीही तीच आहे. बदलला तो अर्थव्यूहातील शेजार. मराठीत 'घाट' हा शब्द चढणे-उतरणे, वर-खाली, देश-कोकण यांच्या शेजाराने अर्थ मिळवीत होता. परतल्यावर त्याच्या शेजारी पश्चिम, पूर्व, क्षेत्र, वारसा हे शब्द आले. १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे बोलले गेले. त्या वाक्यात 'पश्चिम घाट' हे पद घालून पाहिल्यास दोन नावांतील अंतर कोशाच्या मदतीशिवाय कळते. तरीही जुना अर्थ मेलेला नाही. एस.टी.चा चालक अजूनही 'घाट लागला' म्हणतो, आणि पळस्प्याच्या फाट्यावर विचारले तर 'घाटावर' जाणारा रस्ता कोणता हे कोणीही दाखवतो. शब्दाचे दोन अर्थ आज दोन स्वतंत्र व्यवहारांत जगत आहेत: एक कागदावर, दुसरा रस्त्यावर. मराठीतून भूगोल, पर्यावरण किंवा इतिहास लिहिणाऱ्यावर या दोहोंची गाठ घालून देण्याची जबाबदारी आहे. कारण इंग्रजीला ज्याची गरज भासली नाही तो भेद मराठीला आजही बोलता येतो.